मूळव्याध होतीच, पण तेवढीच नव्हती : अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांचे, अमळनेर तालुक्यातले कोरडवाहू कापूस शेतकरी. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला आप्पांची व घरच्यांची संमती आहे. तक्रार एवढीच होती, की आठ महिन्यांपासून शौचाच्या वेळी रक्त जातं. जानेवारीच्या शेवटी, कापूस विकून झाल्यावर, ते ओपीडीत आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळे झाले. "साहेब, माले मूळव्याध शे. गोया लिखी द्या."

मी जनरल सर्जन आहे. हे वाक्य खानदेशातल्या कुठल्याही सर्जनला रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघतं. शौचातून रक्त जाण्याची सगळ्यात नेहमीची कारणं मूळव्याध आणि फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, हीच आहेत. कॅन्सर त्या मानानं थोड्यांना होतो. म्हणूनच तो मूळव्याधीच्या आडोशाला महिनोन्‌महिने निवांत वाढत राहतो. आप्पांचं प्रकरण सविस्तर मांडतो आहे ते यासाठी, की त्यांच्या आठ महिन्यांत आपल्या भागात होणारा जवळजवळ प्रत्येक उशीर एकामागोमाग एक झाला.

जून ते जानेवारी

पहिलं रक्त दिसलं जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत. दिसलं तेही घरी संडास बांधलेला होता म्हणून. शेतात किंवा नाल्याकाठी बसणाऱ्या माणसाला मातीत पडलेलं रक्त कळत नाही. पांढऱ्या भांड्यावर मात्र चार लाल थेंब लगेच उठून दिसतात. दुखत नव्हतं. शौच झाल्यावर थेंब पडायचे आणि थांबायचे. गावात आठवड्याच्या बाजारी एक जण बसतो, फलकावर मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, गॅरंटी. त्यानं पुडी दिली, लावायला लेप दिला. पंधरा दिवस रक्त थांबलं आणि आप्पांचा विश्वास बसला.

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक माणसं इथेच फसतात. आतड्यातून होणारा रक्तस्राव सलग नसतो. मूळव्याधीचं रक्तही मध्येच थांबतं, गाठीचं रक्तही मध्येच थांबतं. त्या काळात जी पुडी चालू असेल, तिला श्रेय मिळून जातं. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं असं धरता येत नाही.

ऑगस्टमध्ये रक्त पुन्हा सुरू झालं आणि आता दोष तिखटावर आला. आमच्याकडे हा दोष पटकन चिकटतो, कारण खाणंच तसं आहे. ठेचा बंद झाला, शेवभाजी बंद झाली, हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला आप्पा गेले पण ताक-भात खाऊन आले. घरात त्यांच्यापुरतं वेगळं फिकं वरण शिजू लागलं. फिशर असेल तर तिखटानं आग वाढते, हे खरं. मूळव्याध असलेल्यालाही त्रास जाणवू शकतो. पण मिरचीनं आतड्यात गाठ होत नाही आणि मिरची सोडल्यानं ती विरघळत नाही. "अंगात उष्णता झाली" या एका समजुतीवर आप्पांचे तीन महिने गेले.

गणपतीच्या सुमारास दुसरी गोष्ट सुरू झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच होती. ज्या माणसाचं आयुष्यभर पहाटे एकदा पोट साफ व्हायचं, त्याला सकाळी चार-पाचदा जावं लागू लागलं. प्रत्येक वेळी थोडंसं, सोबत चिकट आव. जाऊन आलं तरी आत काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं आणि दहा मिनिटांत पुन्हा कळ यायची. मध्ये दोन दिवस काहीच व्हायचं नाही, मग पुन्हा पातळ. आव म्हटलं की ठरलेला उपाय, मेडिकलवरून गोळ्यांचा कोर्स. तो तीनदा झाला. शौचाची तपासणी एकदाही झाली नाही.

दिवाळीनंतर थकवा आला. वेचणीच्या बायांच्या मागे कापसाचं गाठोडं उचलताना दम लागायचा. तालुक्याला एका दवाखान्यात सलाईन लावून घेतली, तात्पुरती तरतरी आली. रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. त्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं झालं, आणि लाल दिसेनासं झाल्यामुळे आप्पांना वाटलं की रक्त बंद झालं. रक्त का कमी झालं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कुणी त्यांना तपासण्यासाठी आडवंही केलं नाही.

ओपीडीत

मी रक्ताबद्दल विचारलं तेव्हा आप्पांनी दोन वाक्यांत आटोपलं. बाकीचं सांगितलं ते काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, दाराशी उभं राहून, डोक्यावरचा पदर सारखा करत. "ते सांगत नहीत साहेब. पन कपडा मीच धोस ना." पायजम्यावर डाग पडत होते. रात्री तीनला उठून जावं लागत होतं. पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त ओढावी लागत होती. आप्पा खाली मान घालून बसले होते.

बाईमाणसासमोर, सुनेसमोर, मुलासमोर ही गोष्ट बोलायची लाज वाटते, आणि ही लाज मला समजते. म्हणून आता मी रुग्णाला "काय होतंय" असं मोघम विचारत नाही, नेमकं विचारतो. रक्त शौचावर वरून लागलेलं असतं की आत मिसळलेलं? थेंब पडतात की धार? रंग लाल, गडद की काळा? दुखतं का, आणि दुखलं तर शौचाच्या वेळी की नंतर तासभर? आव पडते का? आधी किती वेळा जायचात, आता किती? झोपेतून उठावं लागतं का? वजन? घरात आई-वडील, भावंडं, कुणाला आतड्याची गाठ? प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं आणि लाजेला फारशी जागा उरत नाही.

आप्पांची उत्तरं अशी होती : रक्त कधी थेंब-थेंब, कधी आवेत मिसळलेलं, गडद. दुखणं नाही. रात्री उठावं लागतं. शौच बारीक होतं. वडील चाळिशीतच "पोट फुगून" गेले, कशानं ते कुणाला ठाऊक नाही.

यातलं थेंब-थेंब पडणारं, न दुखणारं लाल रक्त मूळव्याधीत बसतं. रात्री उठावं लागणं, आव, साफ न झाल्याची भावना आणि घटलेलं वजन हे मात्र मूळव्याधीच्या खात्यात टाकता येत नाही. मूळव्याध शौचाची सवय बदलत नाही. एवढी एक गोष्ट घराघरात ठाऊक असती, तर आप्पा सप्टेंबरात आले असते.

बोटाची तपासणी

आप्पा तयार नव्हते. "मशीननं होणार नाही का?" असं मुलानं विचारलं. मी सांगितलं की मशीनची तपासणीही करू, पण आधी ही. खोलीत फक्त मी आणि पुरुष परिचारक. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, वरून चादर. हातमोजा, त्यावर बधिर करणारी जेली, सावकाश एक बोट. तोंडानं श्वास घेत राहायचं. एक मिनिटही लागत नाही. फिशर नसेल तर दुखत नाही, शौचाला लागल्यासारखं फक्त वाटतं.

बाहेर मूळव्याधीचा कोंब होता. म्हणजे आप्पांचं निदान खोटं नव्हतं. कुणी नुसतं वरून पाहून थांबलं असतं तर मलम देऊन घरी पाठवलं असतं आणि मनाला पटलंही असतं. आतली मूळव्याध बोटाला सहसा लागत नाही, इतकी ती मऊ असते. आप्पांच्या गुदद्वारापासून साधारण ६ सेंटीमीटरवर बोटाला एक कडक, उंचवट्याची, कडा उचललेली जागा लागली. बाहेर काढलेल्या हातमोज्यावर गडद रक्त आणि आव होती.

एका माणसाला मूळव्याध आणि गाठ, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मूळव्याध पन्नाशीत कितीतरी जणांना असते, त्यामुळे गाठ असलेल्या माणसातही ती सापडणारच. ती सापडली म्हणून आत पाहायचं थांबवायचं नाही.

दुसरं काय असू शकलं असतं

फिशर असतं तर शौचाच्या वेळी सुरीनं कापल्यासारखं दुखलं असतं, पुढे तासभर ठणका राहिला असता आणि रक्त कडेला रेघेसारखं लागलं असतं. अमीबाची आव असती तर दिवस मोजकेच असते, पोटात मुरडा असता आणि नीट तपासणी व औषधानं ती आटोक्यात आली असती. आतड्याला दीर्घकाळ सूज येऊन व्रण पडतात, त्या आजारातही रक्त-आव जाते. तो पंचविशी-तिशीतल्या तरुणांत जास्त दिसतो, म्हणून "तरुण आहे, काही नसणार" हेही चालत नाही. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे लक्षात ठेवावाच लागतो. शिवाय आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी आपल्याकडे त्यातले बरेच जण पन्नाशीच्या आतले असतात.

काळं शौच हा वेगळा विषय, पण आमच्याकडे नेहमीचा. गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाणारी माणसं गावोगाव आहेत. त्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त वाहिलं तर शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळीनं होणारं काळं शौच तसं चिकट नसतं आणि तसा वासही येत नाही. बीट खाल्ल्यावर लाल दिसतं, ते दुसऱ्या दिवशी जातं. शंका वाटली तर अंदाज बांधत बसू नये. डॉक्टरांना रंग सांगावा, मोबाइलवर फोटो काढून आणला तरी हरकत नाही.

तपासण्या

हिमोग्लोबिन ७.८. पुरुषात १३ च्या खाली आलं की रक्त कमी म्हणतात. रक्तपेशी लहान, लोह संपलेलं. पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या बाईत, लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग दिसला की आतड्यातून कुठे रक्त झिरपतंय का ते शोधावंच लागतं, मग डोळ्यांना रक्त दिसो वा न दिसो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ कित्येकदा फक्त थकव्यानंच कळते, लाल थेंब एकही दिसत नाही.

कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीनं पूर्ण मोठं आतडं पाहिलं. आदल्या दिवशी हलकं खाणं आणि पोट साफ करणारं औषध. लोकांना सगळ्यात जड जातो तो हाच भाग, प्रत्यक्ष दुर्बिणीच्या वेळी गुंगी दिलेली असते. बोटाला लागली होती तीच गाठ दिसली, तिचे तुकडे घेतले. वर एके ठिकाणी छोटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, होता, तो तिथल्या तिथे काढला. हा पॉलिप मुद्दाम नोंदवतो. आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशाच पॉलिपमधून होतात आणि तिथपर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात. इतका अवधी फार थोडे कॅन्सर देतात.

तुकड्याचा अहवाल कॅन्सरचा आला. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. एमआरआयमध्ये गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे जराशी गेलेली, शेजारच्या दोन लसिका ग्रंथींबद्दल (लिम्फ नोड) शंका. मराठीत सांगायचं तर कॅन्सरची तिसरी पायरी (स्टेज). चौथी नव्हती.

सांगणं

मुलगा एकटा आत आला आणि म्हणाला, "साहेब, आप्पांना सांगू नका, ते हाय खातील." प्रत्येक मुलगा हेच म्हणतो आणि प्रेमानं म्हणतो. मी त्याला विचारलं, सव्वा महिना रोज मशीनखाली झोपवायचं, नंतर पोटाचं मोठं ऑपरेशन करायचं, तर त्यांना कारण काय सांगायचं? मूळव्याध? तो गप्प झाला. आम्ही आप्पांना सांगितलं, मुलगा आणि काकू शेजारी असताना. आप्पांनी आधी विचारलं ते पैशाचं, आणि मग, "पिशवी लागेल का?"

पिशवीची भीती कॅन्सरच्या भीतीपेक्षा मोठी असते हे मी अनेकदा पाहिलं आहे. तिच्यामुळे माणसं ऑपरेशन नाकारतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूपासून वर असेल तर तो स्नायू राखता येतो. जोड बरा होईपर्यंत पोटावर तात्पुरती पिशवी ठेवतात, मग ती बंद करतात. अगदी खाली असलेल्या गाठीत कायमची पिशवी लागते, आणि ती लावून माणसं शेती करतात, एसटीनं फिरतात, लग्नाला जातात. आप्पांची गाठ पहिल्या प्रकारची होती. सप्टेंबरात आले असते तर ती लहान असती, हेही खरं. त्या दिवशी ते मी बोललो नाही.

पैशाचं काम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण या योजनेत आहे आणि कॅन्सरचे उपचार तिच्यात येतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावं. घरचं सोनं किंवा बैलजोडी विकायला काढायच्या आधी एवढं करावं, हे मी प्रत्येक घराला सांगतो.

उपचार

किरणोपचार नाशिकला झाले. सिडकोत राहणारा, कंपनीत कामाला असलेला भाचा होता म्हणून राहायची सोय झाली. आमच्याकडचे अर्धे उपचार अशा भाच्यांच्या खोल्यांवर तरतात. २८ वेळा किरण, सोबत केमोच्या गोळ्या. मग सुमारे आठ आठवड्यांची विश्रांती, आणि ऑपरेशन. गाठ काढली, आतडं जोडलं, तात्पुरती पिशवी ठेवली. काढलेल्या भागात शेजारच्या लसिका ग्रंथी स्वच्छ निघाल्या. पुढची केमो संपल्यावर पिशवी बंद झाली. पिशवीच्या दिवसांत ती बदलायला काकूच शिकल्या होत्या, आणि त्यांच्याएवढ्या नीट ती माझ्या वॉर्डातही कुणी बदलत नव्हतं.

पिशवी बंद केल्यावरचे पहिले सहा महिने सोपे नव्हते. दिवसातून आठ-दहा वेळा, कधी घाईनं, कधी आवरलं न जाता. हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर रोग परत आला असं वाटतं. हळूहळू तीन वेळांवर आलं. आता ते शेतात जातात, ठेचाही खातात. ठराविक महिन्यांनी रक्ताची तपासणी, सीटी स्कॅन आणि दुर्बीण चालू आहे. दोन वर्षांत काही सापडलेलं नाही. पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं आहे.

कुणी, केव्हा यावं

वय चाळिशीच्या पुढे आणि शौचातून रक्त, तर एकदा बोटाची तपासणी आणि दुर्बीण व्हायलाच हवी, मूळव्याध ठाऊक असली तरी. कुठल्याही वयात शौचाची सवय बदलून तीन-चार आठवडे झाले, रक्तासोबत आव आहे, झोपेतून उठावं लागतं, न ठरवता वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन खाली आलं, तर हंगाम संपायची वाट पाहू नये. विशीतल्या माणसाला फिशरचं ठराविक दुखणं आणि रेघेएवढं रक्त असेल, आणि आठ-पंधरा दिवसांच्या औषधानं, पाणी-पालेभाजीनं पूर्ण थांबलं, तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा आलं तर दाखवावं. दाखवताना डॉक्टर तपासत नसतील तर स्वतः म्हणावं, "आत बोटानं तपासा." तो रुग्णाचा हक्क आहे.

काही वेळा मात्र त्याच घटकेला निघायचं असतं : रक्ताच्या गाठी पडताहेत, उभं राहिल्यावर अंधारी येते, शौच डांबरासारखं काळं आहे, किंवा पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही. अशा वेळी १०८ ला फोन करावा. पुडी, लेप, सलाईन यात तास घालवू नयेत.

घरचे

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडात हा कॅन्सर निघाला, तर बाकीच्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, दुर्बीण करून घ्यावी. त्रास नसला तरी. आप्पांचा धाकटा भाऊ ४८ वर्षांचा. "माले काहीच व्हत नही" म्हणत तो वर्षभर टाळत होता, शेवटी आप्पाच त्याला हाताला धरून घेऊन आले. त्याच्या आतड्यात दोन पॉलिप सापडले, दोन्ही काढले, दोन्हींत कॅन्सर नव्हता. पुढची दुर्बीण केव्हा करायची ते त्याच्या कागदावर लिहून दिलं आहे. आप्पांचा मुलगा २९ वर्षांचा आहे, त्याची पाळी चाळिसाव्या वर्षी.

बहीण सुरतला दिलेली, ५१ वर्षांची. तिनं अजून तपासणी केलेली नाही. आधी मुलीचं लग्न होतं, मग नातवाचं जावळ. अमळनेरहून सुरतेला थेट गाडी आहे, आणि येत्या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, ती माहेरी येणार आहे. आप्पांनी तिच्यासाठी त्या आठवड्यातली तारीख माझ्याकडे लिहून ठेवायला सांगितली आहे. मी ती लिहून घेतली आहे.